वजन झालं की पाणी

९ जानेवारी

ती. ताईस,

बारक्याचा सा. न. वि. वि. साष्टांग आता खरोखरचा समज. पूर्वी पोट आधी जमिनीला लागायचं आणि डोकं वरच राहायचं, आता निदान कपाळ टेकतं.

पत्र बघून तू म्हणशील, फोन काय मेला होता का. पण फोनवर मी 'बरं आहे, ठेवतो' यापलीकडे जात नाही ही तुझीच तक्रार. आणि आजची गोष्ट मला नीट सांगायची आहे.

काल इथल्या मोठ्या हॉस्पिटलात किडनीच्या डॉक्टरांना भेटून आलो. आपला रक्तगट एक आहे हे माहीतच होतं, पुढच्या तपासण्याही जुळल्या. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांतसुद्धा इतकं जुळणं नेहमीचं नाही. भावोजींना साखर, ते आधीच बाद. आपल्याला तिसरं भावंड नाही. म्हणजे तुला किडनी द्यायची तर ती मीच द्यायची, हे पक्कं झालं. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे तुला फोन लावणार होतो. तेवढ्यात त्यांनी मला काट्यावर उभं केलं.

एकशे तीन. डॉक्टरांनी इतिहास विचारला, मी सांगितला. सहा वर्षांपूर्वी एकशे एकसष्ट होतो. लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक असून मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरता येत नव्हतं, साहेबांनी टेबलावर बसवून तक्रारींचे फोन घ्यायला लावलं होतं. मग पोटाचं ऑपरेशन केलं, जठर अंड्याएवढं ठेवून आतड्याचा रस्ता वळवला. दीड-दोन वर्षांत एकशे तीनवर आलो, पुन्हा हातात पाना घेतला, खड्ड्यात उतरलो. आणि तेव्हापासून एकशे तीनच. चार वर्षं झाली. काट्यावर दुसरा आकडा छापलेलाच नाही असं वाटतं.

डॉक्टरांनी पंच्याण्णव लिहून दिलं. त्यावर असलं तर भूल, जखम भरणं आणि मागे राहणाऱ्या एका किडनीवरचा भार, सगळंच अवघड होतं म्हणे. एप्रिलच्या मध्यावर त्यांची समिती बसते, तोवर वजन हवं. जाताना एवढंच म्हणाले की पोटाचं असं ऑपरेशन झालेल्यांना किडनीत खडे व्हायची भीती असते, तेव्हा पाणी भरपूर पीत जा.

आठ किलो, ताई. शेजारणी लग्नाच्या आधी आठ किलो उतरवतात आणि लग्नानंतर परत चढवतात. मी पण उतरवतो. तू फक्त तोवर नीट राहा.

लोभ वाढावा. बाकी काही वाढू नये.

तुझा,
बारक्या


२० जानेवारी

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हसले. म्हशीला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात, तसं झालं हे. किडन्या माझ्या गेल्या आणि उपास तुला. मला म्हैस म्हणवून घ्यायला हरकत नाही, पखाल व्हायला तू तयार असशील तर.

आता माझी बातमी. डायलिसिसचं मशीन सुरू झालं. आठवड्यातून तीनदा जायचं, खुर्चीत चार तास हात पसरून पडायचं, आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना आणि परत येताना बघायचं. खोलीत खुर्च्या पुष्कळ आणि खिडकी एक, तीही दुसऱ्या भिंतीकडे उघडणारी. डाव्या हाताची शीर जोडून जाड केली आहे, त्या हाताने ओझं उचलायचं नाही. शिलाईच्या दुकानात बसते, पण जाड कापड मशीनखालून ओढून घ्यायला तोच हात लागतो. सध्या बटणं लावते, पदर दुमडते. गिऱ्हाइकं काही म्हणत नाहीत, कपडे मात्र समोरच्या दुकानात नेतात.

तुझ्या त्या चार वर्षांबद्दल एक सांगते. पहिल्या वर्षी मी तुझ्या पँटी इतक्या वेळा आत घेतल्या की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला आले होते. मग नव्या शिवल्या. त्यानंतर तुझं माप बदललं नाही. तुला त्याचं दुःख, मला मात्र तुझ्या मापाची काळजी मिटल्यासारखं झालं होतं. अठ्ठावन्न किलो तू परत येऊ दिले नाहीस. ते रोज दारावर येऊन धडका मारत असतील, हे मला कळतं. त्याला कोणी शाबासकी देत नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काही नसतं.

अण्णांची आठवण आली. व्यायामशाळेतला तो लोखंडी काटा तुला आठवत असेलच. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांची कुस्तीची पोरं गटाच्या वजनात बसायला काय काय करायची. उन्हाळ्यात घोंगडी पांघरून शेगडीभोवती बसायची, पाणी बंद, हातात डबा, त्यात थुंकत राहायची. सकाळी वजन झालं की अण्णा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून स्वतः पाण्याचा पेला द्यायचे. त्या पेल्यासाठी पोरं जीव टाकायची. तुला, स्वतःच्या मुलाला, मात्र ते सगळं झाल्यावर काट्यावर चढवायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. पोरं हसायची. मी दाराआडून बघायचे आणि मला अण्णांचा राग यायचा. ते गेले तरी तो अजून येतो.

तर काय, फारच अडलं तर घोंगडं काढ आणि शेगडीपाशी बस. डबा मी पाठवते.

जमलं तर जमलं. नाही जमलं तरी तू माझा भाऊच राहणार आहेस, त्याला वजनाची अट नाही. लोभ आहे तो आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी,
ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज साष्टांगात गुडघे दुखले, कारण रोज जिने चढतो आहे. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस जिन्याने वर येतो हे बघून लोकांचा लिफ्टवरचा विश्वास उडायला लागला आहे.

तुला खरं सांगायचं ठरवलं आहे, म्हणून सांगतो. एकशे तीनवर मी अडकलो त्यात माझाही हात होता. आहार सांगणाऱ्या बाईंकडे परत गेलो. वयाने लहान आहेत, पण बोलताना हयगय करत नाहीत. त्यांनी आठवडाभर तोंडात घातलेलं सगळं लिहायला लावलं. माझं जेवण वाटीभर, ते मी मान वर करून सांगतो. पण इमारतीगणिक कोणी चहा देतं, चहाबरोबर बिस्किट देतं. चहात बुडवलेलं बिस्किट या लहान जठरातूनही गुपचूप घसरतं, पोट भरल्याचं कळतच नाही. ती भूक नव्हतीच, ताई. ती सवय होती, आणि थोडं लाडावणं. लाड करायला घरी दुसरं कोणी नाही.

बिस्किटं बंद केली. आधी अंडं, डाळ, मग बाकीचं, असं खातो. पंधरा दिवसांत तीन किलो गेले. शंभर. काट्यावरून उतरून परत चढून बघितलं. मग ये रे माझ्या मागल्या. शंभर ते शंभरच. जेवण अजून कमी केलं, शंभर. एक वेळ सोडली, शंभर आणि वर दोनशे ग्रॅम.

आमच्या धंद्यात लिफ्ट मधल्या मधे थांबली की लोक म्हणतात मोटर गेली. मोटर क्वचित जाते. बहुतेक वेळा कुठल्यातरी मजल्यावरच्या दाराच्या स्विचला वाटतं की दार उघडं आहे, आणि माणूस पडू नये म्हणून लिफ्ट जागची हलत नाही. बाई म्हणाल्या, तुमच्या शरीराचं तसंच आहे. एवढं वजन गेल्यावर त्याला वाटतं दुष्काळ पडला, म्हणून ते थोडक्यात भागवतं आणि उरलेलं दाबून धरतं. तुम्ही आणखी कमी खाल तर आणखी घट्ट धरेल, केस जातील, स्नायू जातील, हाती काही लागणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण स्विच कुठे आहे ते माहीत असतं तर मी तो पाच मिनिटांत नीट केला असता.

सगळ्यात वाईट काय वाटतं सांगू? काल एका इमारतीत एक बाई मला ओळखून म्हणाल्या की तुम्हीच ना ते ऑपरेशनवाले, मग अजून एवढे कसे. मी त्यांना बहिणीबद्दल सांगणार होतो. मग वाटलं, कशाला. हत्यारं उचलली आणि जिन्याने खाली आलो.

आहाराच्या बाईंनी माझ्यासमोर डॉक्टरांना फोन करून मुदत मागितली. ते म्हणाले एप्रिल नाही जमलं तर समिती पुन्हा सहा महिन्यांनी बसेल. तेव्हा एकच विचारतो, आणि तू भावाला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नकोस. तुला सहा महिने थांबता येईल का?

लोभ आहेच. कळव.

तुझा,
बारक्या


१५ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद.

सहा महिने म्हणजे काय मोठं, थांबेन की. माझं बाळंतपण थोडंच अडलंय. तू बाईंचं ऐक, अंगाला सोसेल तेवढंच कर.

इकडची गंमत ऐक. आयुष्यभर मी काडी आणि तू काट्यावरचा. आता माझंही वजन होतं, मशीनवर बसण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा. लघवी जवळजवळ बंद झाली, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. दोन खेपांच्या मध्ये वजन वाढलं की नर्सबाई माझ्याकडे अशा बघतात जसे अण्णा तुझ्याकडे बघायचे. दिवसाला चार लहान पेले पाणी, त्यातच चहा, त्यातच औषध. बारक्या, तहान काय असते ते मला माहीतच नव्हतं. भूक परवडली. जीभ टाळ्याला चिकटते. मी बर्फाचा खडा गालात ठेवते आणि तो विरघळेपर्यंत कोणाशी बोलत नाही. नळावर बादली भरताना आवाज येतो, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त मास्तरीण यायच्या. आम्ही दोघी एकमेकींना पाण्याच्या गोष्टी सांगायचो, विहिरीच्या, पाणपोईच्या, लहानपणी नळाला तोंड लावून प्यायल्याच्या. मागच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी त्यांच्या खुर्चीवर एक दुसरे गृहस्थ होते. 

परवा दुकानात जरा चक्कर आली, एवढंच. हे उगाच घाबरले.

सोबत पार्सल आहे. तुला पँट शिवली आहे, पंच्याण्णवच्या मापाची, अंदाजाने. एका हाताने शिवली म्हणून शिवण थोडी हलली आहे, मागच्या बाजूला आहे, कोणाला दिसणार नाही. आत माया भरपूर ठेवली आहे, लागली तर सोडता येईल.

लोभ किती आहे ते शिवणीवरून समज.

तुझी,
ताई

(पाठीमागे, भावोजींच्या अक्षरात)

बारक्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहितो. चक्कर नव्हती. ती दुकानात पडली, हृदयाभोवती पाणी साठलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की हिचं हृदय मशीनचा ताण फार दिवस सोसणार नाही, सहा महिने धरून चालू नका. तिला हे सांगितलेलं नाही. तुला सांगावं की नाही तेही कळत नाही.


१० एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. पँट मिळाली. कमरेला अजून थोडी घट्ट आहे, पण बटण लागतं. श्वास न घेता लागतं.

नव्व्याण्णववर आलो आहे. तू काळजी करू नकोस. समिती चौदा तारखेला आहे आणि त्या दिवशी काटा पंच्याण्णवच्या आत दाखवेल, हे मी तुला आत्ताच लिहून देतो. कसं, ते विचारू नकोस. शेवटी मी अण्णांचा मुलगा आहे. वजनात कसं बसायचं हे आपल्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही.

सध्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, मोटरच्या खोलीत काम चालू आहे. पत्र्याची खोली, वर ऊन, खाली मोटर. फार गरम होतं. तेच बरं आहे.

लोभ असाच राहू दे. पंधरा तारखेला सविस्तर.

तुझा,
बारक्या


२३ एप्रिल

प्रिय बारक्यास,

स. न. वि. वि.

मी तुझ्या खाटेपाशी तीन दिवस होतो. त्यातला पहिला दिवस तुला आठवत नसेल. काल घरी पोचलो.

तुझ्या ताईला मी एवढंच सांगितलं आहे की तुला बरं नाही आणि समिती पुढे गेली.  तिने मला जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली. तिला कळलं असावं. पण ते मी सांगणार नाही, तूच लिही. तुझ्या हातून येऊ दे.

त्या पाकिटात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. मला दुसऱ्या कोणाला सांगता येत नव्हतं, म्हणून तुला सांगितलं. शाळेत बत्तीस वर्षं कारकुनी केली, कोणता कागद कोणाकडे पाठवायचा हे मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नकोस.

तुझा,
भावोजी


५ मे

ती. ताईस,

बारक्याचा नमस्कार. आज गंमत सुचत नाही.

पत्र तीनदा सुरू केलं. आता जे आहे ते सरळ लिहितो. माझी किडनी तुला मिळणार नाही. आत्ता नाही आणि सहा महिन्यांनीही नाही. आणि हे मी माझ्या हाताने केलं.

बारा तारखेला दुपारपासून पाणी सोडलं. गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत रेनकोट घालून, दार लावून काम केलं. तू लिहिलं होतंस ना शेगडी आणि घोंगडं, माझ्याकडे पत्र्याची खोली होती. तेरा तारखेलाही तेच. डबा होता, त्यात थुंकत होतो. दुसऱ्या दिवशी थुंकायला काही उरलं नाही. डोळ्यांपुढे काळे ठिपके येत होते, आणि मला, खरं सांगतो, अभिमान वाटत होता. अण्णांनी आत्ता बघायला हवं होतं असं वाटत होतं.

चौदाला सकाळी तुझी पँट घालून गेलो. ती सैल झाली होती. काटा चौऱ्याण्णव आणि वर सातशे. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मग म्हणाले, रक्त देऊन या, दुपारी समितीसमोर परत एकदा वजन होईल. परत वजन आहे म्हटल्यावर मी पाणी प्यायलो नाही. रक्त काढणाऱ्या मुलीने विचारलं, पाणी आणू का, तर मी नको म्हणालो. अण्णांच्या पोरांना वजन झाल्याबरोबर पेला मिळायचा. माझं वजन झालं तेव्हा तिथे तसं कोणी नव्हतं आणि मी स्वतः घेतला नाही. लघवीचा नमुना द्यायचा होता, तो आलाच नाही. नंतर आले ते चहाच्या रंगाचे थेंब. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसलो एवढं आठवतं.

पुढचं मला डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांच्या आतड्याचा रस्ता वळवलेला असतो त्यांच्या लघवीत एक क्षार जास्त उतरतो. पाणी कमी पडलं की तो किडनीतच बसतो, वाळूसारखा. माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या. अण्णांची पोरं यातून उठून कुस्ती खेळायची, कारण त्यांचं पोट देवाने दिलं तसंच होतं. माझं तसं नाही हे मला माहीत होतं. पाणी पीत जा म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते पालथ्या घड्यावर पाणी झालं.

दोनदा मलाही मशीनवर घेतलं, ताई. तुझ्यासारख्याच खुर्चीत, हात पसरून. माझं रक्त नळीतून जाताना बघितलं. तुला तीन महिने हे किती वेळा झालं असेल त्याचा हिशेब करायला लागलो आणि मग सोडून दिलं. आता किडन्या पुन्हा चालू झाल्या आहेत, पण पूर्वीइतक्या नाहीत. माझ्यापुरत्या पुरतील, देण्याजोगी एकही नाही.

शेवटचं एक सांगायचं राहिलं आहे आणि तेच सगळ्यात जड आहे. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं की चार दिवस आधी किती होतं. मी नव्व्याण्णव म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, तुम्ही एकशे एकसष्टचे नव्व्याण्णव केलेत, तेवढ्यावर मी समितीशी भांडलो असतो. कदाचित मानलीही असती. तुम्ही मला विचारायचं होतं.

मी विचारलं नाही. काट्यावर उभा असताना मी आजवर कोणालाच काही विचारलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तेही याला थोडं पडेल.

घरी आल्यावर काट्यावर चढलो नाही, पण हॉस्पिटलातून निघताना त्यांनी केलं होतं. शंभर. मला आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं आहे. पेला भरतो, तुझं मार्चचं पत्र आठवतं, घोट खाली उतरत नाही. पेला तसाच ठेवून देतो.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू.

बारक्या


१९ मे

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. ते कधी परत घेतले जात नाहीत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला तुझा राग आला. खूप आला. दोन खेपा मी मशीनवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एवढा मोठा झालास, कारखान्याएवढाल्या मोटरी खोलतोस, आणि स्वतःचं शरीर तुला त्या काट्यासमोरच्या पोराचंच वाटतं. हे मी तुला बोलून दाखवणारच होते, ते आता दाखवलं.

मग माझा राग आला. शेगडी, घोंगडं आणि डबा मीच लिहिला होता. मी गमतीत लिहिलं, तू ते गमतीत वाचलं नाहीस. यांनी पत्राच्या पाठीमागे काय लिहिलं होतं तेही मला सांगितलं आणि स्वयंपाकघरात उभे राहून रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता कोणाचं किती चुकलं याची मापं घ्यायला माझ्याकडे टेप आहे, पण घेणार नाही. आपण तिघंही एकाच बाजूला ओढत होतो. कापड फाटलं.

माझं नाव यादीत घातलं आहे. कोणा परक्याची किडनी मिळाली तर. यादी मोठी आहे आणि माझं हृदय हे असं. आशा आहे असं लिहून तुला फसवत नाही. जे दिवस आहेत ते आहेत, आणि मला ते तुझ्या रडक्या पत्रांत घालवायचे नाहीत. तेव्हा पुढच्या पत्रात मला कोणत्या इमारतीत कोण अडकलं होतं ते लिही. मागे एका लिफ्टमध्ये भांडलेले नवराबायको अडकून समेट होऊन बाहेर आले होते, तसलं काही.

पँट परत पाठव. शंभरच्या मापाला सोडून देते, आतलं कापड आहे. हात बरा असला तर आठवड्यात होईल. आणि तू शंभरवर राहा. मला त्याच मापाचा भाऊ हवा आहे, मला तुझी शिलाई तोंडपाठ आहे.

आता पाण्याचं. तू पेला भरून ठेवून देतोस हे वाचलं आणि मी तुझ्या सगळ्या पत्रात फक्त तिथे रडले. माझ्यामुळे तू तहानलेला राहिलास तर माझी तहान दुप्पट होते, कमी होत नाही, एवढं तरी तुझ्या डोक्यात शिरू दे. मला चार पेले आहेत आणि त्यातला एकही मी तुला देऊ शकत नाही. पण पेला भरून हातात देणं मला कोणत्याही डॉक्टरांनी मना केलेलं नाही.

अण्णा वजन झाल्यावर एकेका पोराला द्यायचे ना. तू रांगेच्या टोकाला उभा असायचास, तुझ्यापर्यंत येईस्तोवर घागर संपलेली असायची, किंवा ते वळून निघून गेलेले असायचे. मी दाराआड असायचे. माझ्या हातात कितीदा पेला असायचा, पण त्या पोरांसमोर, अण्णांसमोर, पुढे यायची माझी छाती व्हायची नाही.

लोभ होता तेवढाच आहे, त्याला कोणताही काटा लावू नकोस. हे पत्र खाली ठेव. ऊठ, स्वयंपाकघरात जा, तो भरून ठेवलेला पेला ओत आणि ताजा भर. मी समोर उभी आहे आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला आहे असं समज.

वजन झालं, बारक्या. आता पाणी पी.

तुझी,
ताई